झेल्याचं डावं मनगट

हॅलो?… हॅलो, कोण?… चिमे, तू होय! थांब, जरा बाजूला होते. इथे पाण्याच्या मशीनपाशी ही गर्दी… हां, बोल. आता येतंय ऐकू?

हो, मध्यंतर झालंय. आत्ताच. नाही, बाबा आतच बसलेत. त्यांना म्हटलं, तुमच्यासाठी चहा घेऊन येते. चहा कसला! मला बाहेर येऊन कुणाला तरी चावायचं होतं. बरं झालं तूच फोन केलास.

तू काय करतेयस? मागे काय खडखडतंय?… दूध ठेवलंयस? बारीक आचेवर? बरं. लक्ष असू दे.

कसा आहे?… सिनेमा कसा आहे म्हणून विचारतेस?… अगं ऐक ना. ऐक. चिमे, हा आपला झेल्या नाहीच. नाव तेवढं उचललंय. आत दुसराच कुणी माणूस भरलाय, आणि तोही पेंढा भरल्यासारखा.

नाही, मी हळू बोलणार नाही. ऐकू दे लोकांना. तिकीट काढून आलेत ते.

काय वाईट? कुठून सुरुवात करू? पहिल्या पाच मिनिटांत तो उडतो. झेल्या उडतो, चिमे!… हो, हवेत. दोन्ही हात पुढे करून, तलावात सूर मारल्यासारखा. आपला झेल्या कधी उडला होता का गं? लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. खिशात पाना, कानावर पेन्सिल. गावातल्या निम्म्या लिफ्ट बंद, म्हणून जिने चढून चढून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. कुठे काही पडायला लागलं की त्याच्या तळपायांना मुंग्या यायच्या आणि तो धावायचा. धा-वा-य-चा. चित्रकथेच्या प्रत्येक अंकात तीन चौकटी नुसते जिने. बाबा माणूस काढायचे आणि पायऱ्यांच्या रेघा मी मारायची, पट्टी धरून. माझं अख्खं लहानपण त्या पायऱ्यांवर गेलं, आणि हे लोक त्याला उडवतात!

आणि लिफ्ट म्हणशील, तर लिफ्टच नाहीत. म्हणजे आहेत, पण बावन्न मजली इमारत त्याच्या मालकीची आणि लिफ्ट काचेची. बंदच पडत नाही कधी. मग हा करतो काय दिवसभर? खिडकीत उभा राहून गावाकडे बघतो. उदास. तीनदा बघितला त्याने गाव. मी मोजलं.

काळ बदलला?… काळ बदलला म्हणून लिफ्ट बंद पडायच्या राहिल्या का? आमच्या इमारतीतली गेल्या मंगळवारपासून बंद आहे. बाबांना धरून चार मजले उतरवलं मी आज. प्रत्येक पायरीवर ते म्हणत होते, ही एकोणीस, ही वीस. एवढे खूश होते ते, चिमे. कडक इस्त्रीचा शर्ट घातलाय. दाढी स्वतः केली, कानापाशी कापून घेतलंन.

अगं, बदल करावेत ना, नाही कोण म्हणतंय? मी जन्मभर दुसरं काय केलं? लोक माझ्याकडे कपडे आणतात अल्टर करायला. मी बाही आखूड करते, कंबर आत घेते, उसवलेलं शिवते. पण कुणी कोट आणून दिला तर त्याची पिशवी करून त्याच्या हातात देत नाही! आणि वर ‘मूळ कोट यांचा’ म्हणून चिठ्ठी लावत नाही!

हो, आलं बाबांचं नाव. ‘मूळ कल्पना’ म्हणून. एवढंसं, कोपऱ्यात, आणि मी चष्मा पुसेपर्यंत गेलंसुद्धा.

नाही.

नाही म्हटलं ना. आईचं नाव नाही. कुठेच नाही. अठ्ठावीस वर्षं त्या पोराच्या तोंडचा शब्दन् शब्द आईने लिहिला. बाबा चित्र काढून मोकळे व्हायचे, बोलण्याच्या फुग्यात अक्षरं आई भरायची. डाव्या हाताने, मान वाकडी करून. ती डावीकडे कललेली अक्षरं बघितली की पोरांना लांबूनच कळायचं, झेल्याचा अंक आला. आणि इथे पडद्यावर सिनेमाचं नाव कसलं? लोखंडाचं! एवढाली ठोकळ्यासारखी अक्षरं, ताठ, आणि त्यातून ठिणग्या उडतायत. वेल्डिंगच्या दुकानाची पाटी वाटत होती.

बाबांना दिसलं का? त्यांना काय दिसणार, चिमे? तुला माहितीये ना, नजरेच्या मधोमध डाग, फक्त कडेकडेचं दिसतं. पडद्याकडे तोंड केलं की पडदा नाहीसा होतो. म्हणून ते माझ्याकडे तोंड करून बसलेत, आणि मी त्यांच्या कानात सांगतेय काय चाललंय ते.

तेच तर. तेच सांगायचंय तुला. मी… कसं सांगू… मी त्यांना हा सिनेमा सांगतच नाहीये.

म्हणजे दुसराच सांगतेय. आपला.

हसू नकोस! हसण्यासारखं काय आहे त्यात? अगं, सुरुवातीलाच त्या झेल्याने एका गुंडाला बाराव्या मजल्यावरून खाली फेकला. स्वतः. कॉलर धरून. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी तो किंचाळण्याचा आवाज ऐकला आणि माझ्या मनगटाला धरून विचारलं, “झेलला?” काय सांगणार होते मी? तोंडातून निघून गेलं, “हो बाबा, झेलला.” म्हणाले, “कुठल्या हातांनी?” मी म्हटलं, “दोन्ही.” एवढे हसले ते! आता एकदा झेलला म्हटल्यावर पुढचं सगळं जुळवत न्यायला नको का? त्यांच्यात मोटारी उडाल्या की मी सांगते, लिफ्टचा पिंजरा कोसळतोय. त्यांचा नाच सुरू झाला की सांगते, चौथ्या मजल्यावरच्या आजी गच्चीत कपडे वाळत घालतायत. घामाघूम झालेय मी. एक टाका चुकला की सगळी शिवण उसवेल.

नाही गं, लोक चिडले नाहीत. म्हणजे आधी चिडले. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोनदा ‘शुक शुक’ केलं. तिसऱ्यांदा माझ्या खुर्चीवर टकटक केलं. मी मागे वळले, म्हटलं, आता भांडायचंच. तर तो माणूस म्हणतो कसा, “बाई, जरा मोठ्याने सांगता का? माझ्या बायकोला ऐकू येत नाहीये.” दोघं पुढे वाकून माझा सिनेमा ऐकत होते!

हसलीस ना? हस. पण मला हसू येत नाहीये.

काय कागद?… हो, आहे. पर्समध्ये आहे. ती गळ्यात पट्टा घातलेली मुलगी, प्रसिद्धीवाली, तिने सिनेमा सुरू व्हायच्या आधीच माझ्या हातात कोंबला. दुसऱ्या भागाचं संमतिपत्र. “शो संपला की सर स्टेजवर येतील, दोन शब्द बोलतील आणि सगळ्यांसमोर सही करतील.” असं ठरलंय म्हणे. कुणी ठरवलं?… तू? तू ठरवलंस?

वा! शब्द देऊन बसलीस! चिमे, शब्द देताना एकदा विचारावंसं वाटलं नाही?

नाही, दोन मिनिटांच्या सहीचा प्रश्न नाहीये. ऐक. त्या मुलीने बाबांच्या हातात काय घातलं माहितीये? प्लास्टिकचा हातमोजा. चंदेरी, कोपरापर्यंत, बटण दाबलं की दिवा लागतो. सिनेमात झेल्याच्या डाव्या मनगटाला पट्टीऐवजी तो मोजा आहे आणि त्यातून किरण निघतात. किरण! बाबांनी बोटांनी चाचपून विचारलं, “हे काय आहे गं?” मी म्हटलं, “बँडेज आहे बाबा, जरा जाड केलंय.” आणि त्या मुलीने फोटो काढला. बाबा हसतायत आणि हाताला दिवा लागलाय.

‘एक पट्टीच तर आहे’?… काय म्हणालीस तू? परत म्हण.

एक पट्टीच तर आहे.

तुला माहितीये ती पट्टी कुठून आली?… नाही, बाबांना सुचली नाही. ‘दिसायला छान’ म्हणून नाही काढली. त्याच्या डाव्या मनगटावरची पट्टी कधी सुटलीये एका तरी अंकात? पाण्यात पडला तरी, लग्नाला गेला तरी? कधी विचार केलास, का ते?

आईचं मनगट मोडलं ते बाथरूममध्ये पाय घसरून… हो, तुला तसंच सांगितलंय. आईनेच सांगायला लावलं होतं. आई गेली त्याला सहा वर्षं झाली, आता मी सांगणार आहे, कारण तू आत्ता जे बोललीस ना, त्यानंतर मला गप्प बसवत नाही.

आई बाथरूममध्ये पडली नाही. पडलीस तू.

अडीच वर्षांची होतीस. वरच्या जिन्याच्या कठड्यावर चढलीस. मी सात वर्षांची, खाली पायरीवर बसून पेरू खात होते, मी बघितलं. मला ओरडायचं होतं पण तोंडात घास. आई स्वयंपाकघरातून कशी बाहेर आली, तिला कसं कळलं, देव जाणे. मला अजून कळलेलं नाही. एवढंच आठवतं की तू खाली येत होतीस आणि आई तिथे होती. तिने तुला डाव्या हातावर घेतलं. मनगटाचा आवाज मी ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. आणि ती खाली बसली, तू तिच्या मांडीत, रडतही नव्हतीस. पहिलं वाक्य काय बोलली आई, माहितीये? “दूध ठेवलंय, गॅस बंद करा.”

…

ते मनगट कधी सरळ झालं नाही. अक्षरं डावीकडे कलली ती त्यानंतर. त्याआधी आईचं अक्षर छापल्यासारखं होतं. बाबा तेव्हा छापखान्यात साबणाच्या वेष्टणांवर कमळं काढायचे. त्या महिन्यात त्यांनी पहिला झेल्या काढला. आई म्हणाली, “पोरीला सांगायचं नाही. जन्मभर जिना चढताना दचकेल.” म्हणून नाही सांगितलं. कळलं आता, किरण कशातून निघतायत ते?

हॅलो?… चिमे?

बोल ना काहीतरी.

…हो. हो, मान्य आहे, तुला माहीत नव्हतं. तुला कसं असणार. पण मग न विचारता…

काय?

काय म्हणालीस? मी?

मी वाचून दाखवला?… हो. पहिला करार मीच वाचून दाखवला बाबांना. मग?… सगळा. सगळा वाचला… म्हणजे… चौदा पानं होती गं ती.

हो, ठीक आहे. नाही वाचलं ते कलम. ‘निर्मात्यांना योग्य वाटतील ते बदल.’ मी बघितलं होतं ते. मनात वाचलं आणि पान उलटलं. ते एवढे उत्सुक होऊन बसले होते, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे. मी म्हटलं, कशाला त्यांना काळजी. मी त्यांना पेपरसुद्धा तसाच वाचते. अपघात गाळते. त्यांचा कुणी जुना दोस्त गेला तर ते पान लवकर मुडपते. तीन वर्षं त्यांच्यासाठी जग अल्टर करून देतेय मी. इथे आत घे, तिथे दुमड.

नको, ‘तसं म्हणायचं नव्हतं’ म्हणू नकोस. तसंच म्हणायचं होतं तुला आणि बरोबर म्हणालीस. जाळ लागो मला. तुझ्यावर ओरडतेय मघापासून आणि कात्री माझ्याच हातात होती.

पण तू मोकळी सुटली नाहीस हं त्याने! शब्द दिलास तो दिलासच!

थांब… थांब एक मिनिट. बाबा बाहेर आलेत. अगं बाई, एकटे कसे… नाही, ते मागच्या रांगेतले गृहस्थ हात धरून आणतायत. बायकोही आहे बरोबर… बाबा! अहो बाबा, मी येतच होते. चहा ना… मशीन बंद आहे चहाचं. इकडे, इकडे, बाक आहे. सावकाश. बसा. चिमीचा फोन आहे… नाही, भांडत नाहीये. कोण म्हणतं भांडतेय?… पार आत ऐकू येत होतं?

चिमे, आतपर्यंत ऐकू येत होतं म्हणे. सगळं नाही. ‘कोटाची पिशवी’ तेवढं ऐकलं त्यांनी.

काय बाबा?… हो, छान चाललाय. आता पुढे तो… काय?… नाही, का असं विचारताय? झेललं ना! तीनदा झेललं. गुंड झेलला, पिंजरा झेलला, आजींची कुंडी झेलली…

…

चिमे.

चिमे, त्यांना माहितीये.

सुरुवातीपासून. म्हणतायत, “पाऊण तास झाला, एकदाही आवाज थांबला नाही. मग झेललं कधी?”

अगं, कळलं नाही तुला? ती चौकट! झेलल्याची चौकट. प्रत्येक अंकात एक चौकट असायची, त्यात झेल्याच्या हातात जे पडलं ते आलेलं असायचं, आणि तिथे आई एक अक्षर लिहायची नाही. ना ‘धप्प’, ना ‘अरेच्चा’, फुगासुद्धा नाही. संपादक मागे लागले होते, तिथे मोठ्या लाल अक्षरात ‘झप्प!’ हवं, पोरांना आवडतं. आई त्यांच्या तोंडावर म्हणाली होती, “पडताना माणूस ओरडतं. झेलल्यावर कोण ओरडतं?” आणि तो सिनेमा आत नुसता बोंबलतोय सुरुवातीपासून. मला एवढा वेळ डोळ्यांनी बघून जे… जाऊ दे.

मग बाबा, मला सांगितलंत का नाही? मी मेले घामाघूम होऊन… काय?… म्हणतायत, “तू सांगत होतीस तो चांगला होता. मध्येच कसा थांबवू?”

नाही, रडत नाहीये मी. नाक चोंदलंय. एसी आहे इथे.

आली ती. पट्टेवाली. हो ताई, हो, कळलं, घंटा झाली. एक मिनिट. सर बसलेत ना जरा… कॅमेरा थांबेल थोडा. पळून जातो का कॅमेरा?

बाबा, ती कागदाचं म्हणतेय. दुसऱ्या भागाचा. चिमीने शब्द दिलाय त्यांना… वाचू? आत्ता?… सगळा?

हो. सगळा वाचते. काही गाळत नाही. शप्पथ.

चिमे, ठेवू नकोस. फोन हातातच आहे, तूही ऐक.

“मी, खाली सही करणारा, झेल्या या पात्राचा मूळ चित्रकार…” इथे आईची जागा नाही, बाबा. एकच ओळ आहे सहीची… हं. पुढे. “…या पात्राचे स्वरूप, स्वभाव, वेश, व्यवसाय व शक्ती यांत निर्मात्यांना योग्य वाटतील ते सर्व बदल करण्यास कायमची संमती देत आहे.” कायमची. हो, ‘कायमची’ लिहिलंय. हे पहिल्या करारातही होतं, बाबा. कायमची नव्हतं, पण बदल होते. नवव्या पानावर. मी वाचलं नाही तुम्हाला. चिमीचा दोष नाही त्यात, तिने पाठवताना सांगितलं होतं, नीट वाचून दाखव म्हणून. मी… मला वाटलं…

…

चिमे, बाबांनी माझ्या हातावर हात ठेवलाय नुसता.

हां. आणि एक आहे, बाबा. तिला सांगितलं मी. जिन्याचं. आईने नको म्हटलं होतं ते. रागात बोलून गेले… हो, फोनवर आहे अजून.

काय?… बरं, सांगते. चिमे, बाबा म्हणतायत, बरं झालं. म्हणतायत, त्यांना एवढी वर्षं भीती वाटायची की तुला वाटत असेल, झेल्या त्यांनी डोक्यातून काढला. ते म्हणतायत, “मी फक्त बघितलं तसं काढलं. तेसुद्धा उशिरा पोचून.”

पेन?… देते. हे घ्या. ताई, जरा सरका हो, उजेड अडवताय. बाबा, सहीची ओळ इथे… नाही, तिथे नाही, तो समास आहे… बाबा?

चिमे, सही नाही करत. काढतायत काहीतरी. कागदाकडे बघतही नाहीयेत. मान वळवून भिंतीकडे बघतायत, कडेने दिसतं ना त्यांना. एक हात… मनगट. पट्टी गुंडाळतायत, एक वेढा, दोन… रेघ थरथरतेय गं. पण पट्टी आहे. कुणीही सांगेल, पट्टी आहे.

अहो ताई, ओरडू नका. खराब नाही केला कागद. आत्ता कुठे त्यावर काही बरं आलंय… सही? सही नाही. सर म्हणतायत, नको. दुसऱ्या भागाला संमती नाही… नाही, स्टेजवर येणार नाहीत. हा तुमचा हातमोजा. दिवा बंद करून ठेवा, सेल संपतील… तुमच्या साहेबांना सांगा काय सांगायचं ते. नको, तुमच्यावर राग नाही, तुम्ही नोकरी करता. राग त्या मालकाच्या बावन्न मजल्यांवर आहे. कागद मी ठेवते.

हो चिमे, ऐकलंस ना? तुझा शब्द मोडला. तुला फोन येतील उद्या… काय?… “मीच सांगते त्यांना”? तू सांगशील?… बरं. नीट सांग. आणि आईच्या नावाचं विचार. पहिल्याच श्वासात विचार. ओरडलीस तरी चालेल, मी तुला शिकवीन कसं ओरडायचं.

घंटा झाली दुसरी. जातायत सगळे आत… बाबा, जायचं का आपण? नको? मलाही नको. मग घरी जाऊ, अजून अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढायच्यात आपल्याला… अहो, तुम्ही नाही गेलात आत? तुमचा सिनेमा बुडेल… काय म्हणता?… चिमे, ही मागच्या रांगेतली माणसं आत जात नाहीयेत. बाई म्हणतायत, “आत काय आहे ते कळलं आम्हाला. तुमच्यातलं पुढे काय झालं ते सांगा.” बसल्या की बाकावर, पॉपकॉर्नचा पुडा घेऊन. बाबांना देतायत.

मी काय सांगू आता? सगळं संपलं माझं. बनवून बनवून सांगत होते… काय बाबा? पहिला अंक? बरं. तो खरा आहे. तो पाठ आहे. ठेवू नकोस म्हणतायत, चिमे. तुलाही ऐकवायचाय.

तर. झेल्या तळमजल्यावर आहे. लिफ्ट बंद. पाना तोंडात धरून तो तारा तपासतोय. वर तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी आहे, एवढीशी, हातात चमचा घेऊन कठड्यावर चढतेय. कुणाचं लक्ष नाही. तिच्या बहिणीचंसुद्धा नाही, ती पेरू खातेय. झेल्याच्या तळपायांना मुंग्या येतात. पहिली चौकट, जिना. दुसरी चौकट, जिना. तिसरी, जिना, आणि एका पायरीची रेघ वाकडी आहे, ती माझ्याकडून हलली होती, बाबांनी तशीच ठेवली. वरून चमचा येतो. टण्. टण्. टण्. सगळं घर ओरडतं, फुग्यांवर फुगे, चौकटीत जागा नाही. मग चमच्याच्या मागून ती येते. झेल्या डावा हात पुढे करतो. आणि…

…

…

…

हॅलो?

आहेस ना?… हं. तेच. इथे आई काही लिहायची नाही.

नको, तूही काही बोलू नकोस.

…

काय?… कसला वास?… करपल्याचा? चिमे, अगं दूध! दूध ठेवलंयस तू! फोन काय धरून बसलीस, पळ, आधी गॅस बंद कर!